बारा हजारांतला टॅब: खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरची अक्षरे

आपण विचारलेले आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आपली मुलगी नववीत, सेमी-इंग्रजी माध्यमात शिकते. तिला पाठ्यपुस्तकांच्या आणि नोट्सच्या पीडीएफ वाचायच्या आहेत, शिकवणीचे ऑनलाइन तास करायचे आहेत. सासऱ्यांना मोठ्या अक्षरात पोथी आणि सकाळचा ई-पेपर वाचायचा आहे. खर्चाची मर्यादा बारा, फार तर तेरा हजार. एका संकेतस्थळावर ६,९९९ रुपयांना दहा इंची, '१२ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज' असा टॅब दिसतो, तर तालुक्याच्या दुकानदाराने साडेबारा हजारांना नावाजलेल्या कंपनीचा ८.७ इंची, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचा टॅब दाखवला. तेव्हा दुकानदार लुबाडतो आहे का, असे आपण विचारले आहे.

माझे मोबाइल आणि टॅब दुरुस्तीचे दुकान आहे. मी टॅब विकत नाही, त्यामुळे कोणता खपला काय आणि कोणता पडून राहिला काय, मला त्याचे सोयरसुतक नाही. मात्र दोन-तीन वर्षे वापरून झालेले टॅब रोज माझ्या टेबलावर उघडून ठेवलेले असतात आणि निवड कशी करावी हे मी त्यांच्यावरूनच शिकलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की दुकानदार आपल्याला लुबाडत नाही. तरीही त्याने दाखवलेला टॅब आपल्या कामाचा आहे असे मी म्हणणार नाही. खरा प्रश्न ४ जीबी की १२ जीबी हा नाहीच. या टॅबवर रोज काय वाचले जाणार आणि तिसऱ्या वर्षीही ते तितक्याच सुखाने वाचता येईल का, हा आहे.

आधी त्या १२ जीबीचा निकाल लावू. अशा जाहिरातीत खाली बारीक अक्षरात '४ + ८' असे लिहिलेले असते. यातले ४ जीबी ही खरी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची वेगवान, तात्पुरती जागा असते आणि ८ जीबी ही स्टोरेजमधून, म्हणजे फाइल आणि ॲप कायम साठवायच्या जागेतून, रॅमसारखी वापरायला काढलेली असते. हिला कोणी व्हर्च्युअल रॅम म्हणते, कोणी एक्स्टेंडेड. ही सोय नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांतही असते, ती बेकायदा नाही. पण स्टोरेजचा वेग रॅमच्या जवळपासही जात नसल्यामुळे त्या ८ जीबीला रॅम म्हणून मोजणे ही शुद्ध धूळफेक आहे. काही अनोळखी नावांच्या टॅबमध्ये तर '४' सुद्धा खरे नसतात. सेटिंग्जमधला 'टॅबविषयी' हा पडदा बनवणाऱ्याला हवे ते दाखवण्यासाठी बदलता येतो, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. एआयडीए६४ किंवा डेव्हचेक यांसारखे तपासणीचे ॲप टाकून रॅम, प्रोसेसर आणि पडद्याचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, पाहिले की बहुतेक वेळा दहा मिनिटांत खरे रूप दिसते.

त्याहून महत्त्वाची तपासणी गुगलच्या प्रमाणपत्राची आहे. प्ले स्टोअर उघडून आपल्या चित्रावर टिचकी मारा आणि सेटिंग्जच्या शेवटी 'अबाउट'मध्ये प्ले प्रोटेक्टची, म्हणजे गुगलच्या सुरक्षा तपासणीची, ओळ पाहा. यंत्र प्रमाणित नसेल तर तो टॅब घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये संशोधकांनी 'बॅडबॉक्स' या नावाने एक प्रकरण उघडकीस आणले. त्यात स्वस्त, अप्रमाणित अँड्रॉइड टीव्ही बॉक्सांबरोबर एका टॅबमध्येही घातक सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच बसवलेले आढळले होते. ते यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच मुरलेले असल्यामुळे टॅब रीसेट करूनही जात नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असावा लागतो. खोक्यावरचा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आहे हे कळते. ६,९९९ च्या टॅबची ही दोन्ही उत्तरे समाधानकारक आली तरच पुढचा विचार करावा. ती येतील असे मला वाटत नाही.

आता पडद्याकडे येतो, कारण आपल्या घरातल्या दोन्ही वाचकांचे सुखदुःख त्यावर आहे. या किमतीतल्या बहुतेक टॅबमध्ये पडदा उभा धरल्यावर रुंदीत ८०० ठिपके असतात, थोड्या टॅबमध्ये १,२०० असतात. जाहिरातीत हे १,३४० × ८०० किंवा १,९२० × १,२०० असे लिहिलेले असते आणि त्यातली लहान संख्या आपण पाहायची. नोट्सच्या पीडीएफचे पान साधारण ए-फोर आकाराचे असते. हे पान उभ्या पडद्यावर पूर्ण बसवले की छापील १२ पॉइंटच्या अक्षराला ८०० ठिपक्यांच्या पडद्यावर उंचीत सुमारे १६ ठिपके मिळतात आणि १,२०० च्या पडद्यावर सुमारे २४. इंग्रजी अक्षराचे १६ ठिपक्यांत भागते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि मधोमध जोडाक्षरे असतात. 'वैशिष्ट्ये' या शब्दातला 'ष्ट्ये' १६ ठिपक्यांत बसवला की तिथे नुसता काळा पुंजका दिसतो. तीच गत गणितातल्या घातांकांची होते. वर्ग आणि घन यांतला फरक डोळे ताणून ओळखावा लागतो.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ८.७ इंची आणि १०.१ इंची या दोन्ही पडद्यांची रुंदी ८०० ठिपकेच असेल, तर पूर्ण पान पाहताना अक्षराच्या वाट्याला दोन्हीकडे तेवढेच ठिपके येतात. मोठ्या पडद्यावर तेच ठिपके फक्त आकाराने मोठे होतात, म्हणजे अक्षर मोठे दिसते पण विसविशीत दिसते. म्हणून 'मोठा पडदा घ्या' हा सल्ला अर्धाच खरा आहे. सासऱ्यांसाठी आकार लागतो, मुलीसाठी ठिपके लागतात आणि दोघांचे एकाच टॅबवर भागवायचे तर ११ इंचांच्या आसपासचा, १,९२० × १,२०० ठिपक्यांचा पडदा शोधावा लागतो.

८०० ठिपक्यांचाच टॅब घ्यायची वेळ आली तर त्यालाही तोड आहे. टॅब आडवा धरून पान रुंदीला बसवावे आणि एका वेळी अर्धेच पान वाचावे. ८.७ इंची पडदा आडवा केला की ए-फोर पान मूळ आकाराच्या सुमारे ९० टक्के रुंदीने दिसते आणि अक्षराला २६-२७ ठिपके मिळतात. वाचणे सुखाचे होते, पण बोटाने पान सतत सरकवावे लागते आणि आकृती एका टोकाला व तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या टोकाला असेल तर चिडचिड होते. ई-पेपरचे पान ए-फोरपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते कोणत्याही टॅबवर बोटांनी मोठे करूनच वाचावे लागेल, याची सासऱ्यांना आधीच कल्पना द्यावी. पोथीच्या बाबतीत मात्र एक सोपा उपाय आहे. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ न घेता ती ई-पुस्तकाच्या, म्हणजे ईपब स्वरूपात मिळवावी. अशा फाइलमध्ये अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. स्कॅन केलेल्या पानात ते होत नाही, तिथे अख्खे पानच मोठे होऊन कडेबाहेर जाते.

पडद्यानंतर स्टोरेज. टॅब हळू चालतो अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक ग्राहक रॅमला दोष देतात, पण उघडून पाहिले तर स्टोरेज काठोकाठ भरलेले असते. या किमतीत सहसा ईएमएमसी जातीचे स्टोरेज मिळते. महाग यंत्रांतले यूएफएस एकाच वेळी वाचूही शकते आणि लिहूही शकते. ईएमएमसी एका वेळी यांपैकी एकच काम करते. त्यामुळे मागे प्ले स्टोअर ॲप अपडेट करत असले की पुढे साधे पान उलटायलाही टॅब अडखळतो. त्यात रिकामी जागा संपत आली की नवीन काही लिहिण्याआधी जुने आवरून जागा करण्याचे काम त्या चिपला वारंवार करावे लागते आणि वेग आणखी पडतो. ही चिप बोर्डवर पक्की बसवलेली असते. ती बदलून मोठी घालण्याची मागणी अनेक जण करतात, पण बारा हजारांच्या टॅबवर तो खर्च परवडत नाही.

म्हणून ६४ जीबी ही मी किमान मर्यादा धरतो आणि हजारभर रुपयांच्या फरकाने १२८ जीबी मिळत असेल तर तो हजार रॅमपेक्षा तिथे घालावा असे सांगतो. ३२ जीबीचा टॅब कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यातली बरीच जागा अँड्रॉइड आणि आधीच भरलेली ॲप्स खाऊन टाकतात. रॅम ४ जीबी पुरते. ऑनलाइन तास चालू असताना बाजूला पीडीएफ उघडायची असेल तर ६ जीबीने आराम वाटेल, पण त्यासाठी पडद्याची तडजोड करू नये. मेमरी कार्डाचा खाचा असला तर उत्तम. त्यात पीडीएफ आणि उतरवून घेतलेले व्हिडिओ ठेवावेत, ॲप मात्र टॅबच्या स्वतःच्या स्टोरेजमध्येच असू द्यावीत, कारण कार्डाचा वेग त्याहूनही कमी असतो.

प्रोसेसरबद्दल फार लिहीत नाही. 'ऑक्टा-कोर' म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे आठ भाग, म्हणजे कोर, असले तरी ते आठही कॉर्टेक्स-ए५३ या जुन्या, काटकसरी जातीचे असतील तर काम रखडत चालते. मीडियाटेकचा पी२२टी या प्रकारचा आहे. ए७३, ए७५ किंवा ए७६ जातीचे निदान दोन कोर असावेत. स्नॅपड्रॅगन ६८०, युनिसॉक टी६०६ आणि हेलिओ जी९९ हे तिन्ही या कसोटीत बसतात, त्यांत जी९९ उजवा. कॅमेरा, स्पीकर किती, रंग कोणता, यांकडे मी पाहत नाही. सिनेमे आणि मालिका पाहायच्या असतील तर 'वाइडवाइन एल१' (चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची वरची पातळी) आहे ना, तेवढे विचारावे. नसेल तर पैसे भरूनही नेटफ्लिक्ससारख्या सेवा कमी दर्जाचे चित्र देतात.

सिमचा की फक्त वायफायचा, याचे उत्तर मात्र मी इथे बसून देऊ शकत नाही, कारण ते आपल्या घरातल्या फोनवर अवलंबून आहे. घरात वायफाय असेल, किंवा मुलीच्या अभ्यासाच्या वेळी कोणाचा तरी फोन घरी असतो आणि त्याचा हॉटस्पॉट वापरता येतो असे असेल, तर सिमच्या टॅबसाठी जादा पैसे घालणे आणि महिन्याला वेगळे रिचार्ज मारणे व्यर्थ आहे. पण घरातला नेट असलेला फोन सकाळी शेतावर किंवा नोकरीवर जाऊन रात्री परत येत असेल, तर वायफायचा टॅब दिवसभर निव्वळ पाटीसारखा पडून राहील. अशा वेळी सिमचाच घ्यावा. सिम नसलेल्या टॅबवरही व्हॉट्सॲप आपल्या फोनला जोडून चालते, तेव्हा शाळेच्या ग्रुपसाठी सिम लागत नाही. यूपीआय ॲप मात्र सिमशिवाय नोंदच होत नाही आणि मुलांच्या हातातल्या यंत्रावर ते नसलेलेच बरे.

इतके सांगून झाल्यावर 'मग घ्यायचा कोणता' हे टाळता येणार नाही. सॅमसंगचा टॅब ए९ हा ८.७ इंची, १,३४० × ८०० ठिपक्यांचा आणि जी९९ प्रोसेसरचा. २०२४ मध्ये भारतात १२,९९९ रुपयांपासून विक्रीला आलेला रेडमी पॅड एसई हा ११ इंची, १,९२० × १,२०० ठिपक्यांचा, पण स्नॅपड्रॅगन ६८० चा. म्हणजे जवळपास त्याच पैशात एकीकडे प्रोसेसर चांगला आणि दुसरीकडे पडदा चांगला, अशी ही निवड आहे. खेळ खेळायचे असते किंवा प्रवासात एका हातात धरायचा असता तर मी पहिल्या प्रकाराकडे झुकलो असतो. आपल्या घरी वाचन आणि तास ही दोनच कामे असल्याने दुसऱ्या प्रकारचा पडदा घ्यावा आणि वेगात थोडे कमी पडले तरी चालवून घ्यावे. ही दोन नावे मी नमुना म्हणून घेतली आहेत. किमती सणासुदीला खाली-वर होतात आणि मॉडेल बदलत राहतात, त्यामुळे आपण जाल तेव्हा त्या वर्गात जे असेल ते या निकषांवर पारखून घ्यावे. अँड्रॉइडची आवृत्ती आणि सेटिंग्जमधली सुरक्षा अपडेटची तारीखही पाहावी. ती वर्षभर जुनी असेल तर कंपनीने त्या टॅबकडे पाठ फिरवली आहे असे समजावे.

दुकानात जाताना मुलीच्या नोट्सची एक खरी पीडीएफ आणि पोथीचे एक पान फोनमध्ये घेऊन जा आणि तिथे मांडलेल्या डेमो टॅबवर ते उघडून दोघांना वाचायला द्या. दुकानदार निसर्गदृश्यांचा व्हिडिओ लावून दाखवील, आणि त्यात प्रत्येक टॅब सुंदरच दिसतो. पान उभे ठेवून शिरोरेषेवरचे अनुस्वार सुटे दिसतात का, एवढेच पाहायचे. आणखी एक विचारून ठेवावे: काच फुटली तर नुसता टच बदलून मिळतो की काच आणि डिस्प्ले यांचा आख्खा कॉम्बो घालावा लागतो? काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतील तर चित्र काचेच्या जवळ, छान दिसते, पण फुटल्यावर दोन्ही एकदम बदलावे लागतात आणि तो खर्च टॅबच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. सुटे असतील तर बोट आणि चित्र यांत बारीक फट जाणवते, पण दुरुस्ती स्वस्तात होते. मुलांच्या घरी ती फट मला मान्य आहे.

पेनबद्दल आपण ओझरते विचारले आहे. दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारे पेन म्हणजे टॅबच्या दृष्टीने दुसरे बोटच असते. लिहिताना तळहात टेकला की तिथेही रेघ उठते. त्याने उत्तर अधोरेखित करता येईल, गणिते सोडवता येणार नाहीत. गणित वहीतच सोडवावे.

टॅब घरी आला की पहिल्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात. व्हॉट्सॲप जोडणार असाल तर त्यातले फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे. शाळेच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपमुळे भरलेले टॅब माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. प्ले स्टोअरमधले आपोआप अपडेट बंद ठेवून आठवड्यातून एकदा, अभ्यास संपल्यावर, ते हाताने करावे. आणि नको असलेली, आधीपासून भरलेली ॲप्स काढावीत किंवा निष्क्रिय करावीत. यापुढे एकूण जागेचा निदान पाचवा हिस्सा रिकामा राहील असे पाहावे. मुलीच्या खात्यावर लक्ष ठेवण्यासाठी गुगलचे फॅमिली लिंक आहे, पण नववीतल्या मुलीला न सांगता ते लावू नये, तिच्याशी बोलून वेळा ठरवाव्यात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ अधिकृत ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात आणि पुस्तकातले क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने उघडतात. यासाठी कोणी पैशाचे ॲप विकायला आले तर घेऊ नये.

चार्जिंगबाबत थोडे कडक बोलतो. दहा-अकरा इंची टॅबची बॅटरी मोठी, साधारण ७,००० ते ८,००० एमएएचची आणि सोबतचा चार्जर बऱ्याचदा १०-१५ वॅटचाच, त्यामुळे ती भरायला तीन-चार तास लागणारच. घाई म्हणून चार्जिंग लावूनच तास केले जातात, वायर ओढली जाते आणि चार्जिंगचा जॅक बोर्डवरून सुटतो. दुरुस्तीला येणाऱ्या टॅबमध्ये हे नेहमीचे दुखणे आहे. वायर लावलेला टॅब गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, जाड कव्हर काढून ठेवावे आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग लावू नये, कारण लिथियम बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही. काच एका कडेने उचललेली दिसली किंवा पडद्यावर पांढुरका डाग दिसू लागला, तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता असते. तेव्हा काच दाबून बसवू नये, टॅब बंद करून दुरुस्तीला द्यावा.

वापरलेला, जुना पण वरच्या दर्जाचा टॅब घ्यावा का, असेही आपण शेवटी विचारले आहे. पडद्याच्या दृष्टीने तो बारा हजारांच्या नव्या टॅबला मागे टाकू शकतो, पण बॅटरी किती थकली आहे हे बाहेरून कळत नाही आणि अपडेट थांबलेले असण्याचा धोका असतो. घेतलाच तर आधीच्या मालकाचे गुगल किंवा ॲपल खाते आपल्यासमोर काढून, रीसेट करून, आपले खाते टाकून चालू झाल्यावरच पैसे द्यावेत. सिमचा असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, केंद्र शासनाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तपासावा.

एक मात्र टॅब घेण्याआधीच पाहून ठेवा. आपले कुटुंब इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात आणि नॉन-क्रिमीलेअरमध्ये मोडत असेल आणि मुलगी दहावीनंतर विज्ञान शाखेतून जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटीची तयारी करणार असेल, तर 'महाज्योती' ही राज्य शासनाची संस्था निवडलेल्या विद्यार्थ्यांना त्या प्रशिक्षणासाठी टॅब आणि इंटरनेट डेटा देत आली आहे. त्याची जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते. तशी शक्यता असेल तर आता बारा हजारांची मर्यादा ताणून तेरा-चौदावर नेऊ नका. दोन वर्षे निभावेल असा टॅब पुरेल, आणि मग तो सासऱ्यांकडे राहील.